मागून येणारा पाऊस

१

माझ्या भावाच्या डोक्यावर परिणाम झालाय हे घरात सगळ्यांचं आधी ठरलं आणि मग मला कळवण्यात आलं. आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. लग्न असो की घटस्फोट, माझ्यापर्यंत बातमी येते ती निर्णयासकट.

फोन भाच्याचा होता. बँकेत मोठा अधिकारी आहे, डोक्यावर केस उरलेले नाहीत, पण मी त्याला अजून पिंट्याच म्हणते.

"आत्या, बाबांना मी माझ्याकडे नेतोय. कायमचं. घर बंद करायचंय. आवराआवरीला येशील का?"

"का? काय झालं?"

"त्यांना आवाज ऐकू येतात."

"मलाही येतात. आत्ता तुझा येतोय."

"मस्करी नको गं. घरात कुणी नसताना येतात. मागून."

मी पहिली गाडी पकडली. मी विमा कंपनीत आयुष्य काढलंय. जळालेली दुकानं, चोरीला गेलेले दागिने, जिन्यावरून स्वतःहून पडलेले नवरे, यातला कुठला दावा खरा आणि कुठला बनावट हे शोधणं माझं काम होतं. त्या कामानं मला एक सवय लावली. समोरचा जे सांगतोय ते आधी सगळं खरं धरायचं आणि त्या वाटेनं चालत राहायचं. तो खोटा असेल तर पुढे कुठेतरी भिंत लागतेच. दादाच्या बाबतीत त्याच्या पोटच्या पोरानं पहिल्याच पावलाला भिंत बांधून ठेवली होती.

दादा दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. वहिनी गेल्या वर्षी गेल्या. मी पोचले तेव्हा पिंट्या खोकी आणायला बाहेर गेला होता आणि दादा हॉलमध्ये त्याच्या खुर्चीत बसला होता. समोर मोठा टीव्ही, त्याच्याखाली टीव्हीचा आवाज मोठा करणारा लांब काळा साउंडबार, खुर्चीच्या मागे दोन्ही बाजूंच्या स्टुलांवर चहाच्या डब्याएवढे दोन काळे स्पीकर. वहिनी गेल्यावर घर खायला उठतं म्हणून पिंट्यानंच हे सगळं आणून दिलं होतं. टीव्ही बंद होता.

"आलीस, चिमे," दादा म्हणाला. "तुलाही बोलावलं का वेड्याला बघायला?"

"वेडा तू लहानपणापासून आहेस. नवीन काय ते सांग. कसले आवाज?"

दादा कोर्टात स्टेनो होता. लोक बोलतील ते टिपायचं, आपलं काही घालायचं नाही, ही त्याची शिस्त. त्यानं तसंच सांगितलं. पाऊस पडतो. पानं सळसळतात. पक्षी ओरडतात. दार करकरतं. आणि कुणीतरी चालतं.

"कसं चालतं?"

"हळू. घरातल्या चपला घालून चालल्यासारखं." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"बोलतं का कुणी?"

"तेच तर! मी जन्मभर लोकांचं बोलणं कागदावर घेतलं. हे लोक येतात, जातात, दारं उघडतात, पण तोंड उघडत नाहीत. एक अक्षर नाही."

"आणि कुठून येतो आवाज?"

"ते नाही सांगता येत. डावा कान कामातून गेल्यापासून आवाज आला एवढं कळतं, कुठून आला ते नाही. मागून, एवढंच."

"कधी येतो?"

"दुपारी जेवणानंतर. मग संध्याकाळी. सकाळी कधीच नाही. शनिवार-रविवारी तर अजिबात नाही. पिंट्या नेमका शनिवार-रविवारी येतो. दिवसभर कान लावून बसला होता, त्याला काहीच ऐकू आलं नाही."

"म्हणजे तुझं वेड साप्ताहिक सुट्टी घेतं होय?"

दादानं माझा हात धरला. "तिथे गेल्यावर मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलंय. शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगतात म्हणे. मी रोज सराव करतोय. नापास झालो तर परत यायचं नाही, एवढं मला कळतंय."

याच माणसानं मला पाढे शिकवले होते. हे घर, ही खिडकी आणि स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा एवढंच त्याच्याकडे उरलं होतं, आणि ते सगळंच उद्या सकाळी गाडीत घालून नेणार होते.

बाहेर कडक ऊन पडलं होतं. मी डोळे पुसायला रुमाल काढला आणि माझ्या मागे पाऊस पडायला लागला.

२

आधी थेंब-थेंब, मग संततधार. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे माहीत असलेल्या पोराचा असतो तसा तो चेहरा होता.

"ऐकलंस?" त्यानं हळूच विचारलं.

"ऐकलं."

"खरं सांग. माझी समजूत काढू नकोस."

"दादा, मी आजवर कुणाची समजूत काढलीय का? पाऊस आहे. आणि आता कुणीतरी दार उघडलं."

दादा खुर्चीत मागे टेकला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. माझाही जीव भांड्यात पडला होता. भाऊ शाबूत होता. बाकी जे काही असेल ते आता निस्तरता येणार होतं.

पिंट्या खोकी घेऊन आत शिरला आणि नेमका तेव्हाच पाऊस थांबला.

"पिंट्या, मला ऐकू आलं."

त्यानं खोकी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं. बँकेत कर्ज नाकारताना हाच आवाज काढत असणार. "आत्या, तुझं वय किती गं आता?"

त्याच्या टकलात टपली मारायचा मोह मी आवरला. "गप्प उभा राहा. अजिबात बोलू नकोस."

आम्ही तिघं पुतळ्यांसारखे उभे होतो. काहीच होईना. पिंट्या सुस्कारा सोडून पुन्हा खोक्यांकडे वळला, आणि त्याच्या पाठीमागे कुणीतरी चालायला लागलं. हळू, सावकाश, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे.

पिंट्या जागच्या जागी थिजला. मला दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं. मी आवाजाच्या दिशेनं गेले आणि डाव्या स्टुलापाशी वाकले. आवाज काळ्या डब्यातून येत होता.

"हे स्पीकर तू आणलेस," मी म्हणाले.

"पण टीव्ही बंद आहे! हे टीव्हीचे स्पीकर आहेत, बारकडून आवाज आला तरच वाजतात." त्यानं धावत जाऊन टीव्हीचा प्लग काढला, मग साउंडबारचाही काढला आणि दोन्ही वायरी हातात धरून उभा राहिला.

चालणारा चालतच होता.

३

दाव्याच्या तपासात आम्ही आधी विचारायचो, यात फायदा कुणाचा? उत्तर मला आवडणारं नव्हतं. घर बंद व्हावं, बाप आपल्याकडे यावा, हे पिंट्यालाच हवं होतं. स्पीकर त्यानं आणलेले. जोडले त्यानं. आणि या असल्या वस्तू हल्ली फोनवरून चालवता येतात एवढं मलाही कळतं.

"तुझा फोन दे," मी म्हणाले.

"कशाला?"

"या बारचं काहीतरी आहे ना तुझ्या फोनमध्ये?"

"ॲप आहे. जोडताना लागतं." मग माझा रोख त्याच्या लक्षात आला आणि त्याचे कान लाल झाले. "आत्या! मी माझ्या बापाला घाबरवीन? मी?"

त्यानं फोन माझ्यासमोर टेबलावर आपटला. खोटं बोलणारे सहसा असे भडकत नाहीत, ते समजावत बसतात. पण भाचा आहे म्हणून मी तपासात सूट देत नाही. फोन बंद केला, पदराखाली धरून बसले. काही वेळानं काळ्या डब्यांतून पक्षी ओरडायला लागले, एखाद्या रानात ओरडावेत तसे. मी फोन त्याला परत दिला.

"माफ कर. तू नाहीस."

"एवढ्यावरच?"

"एवढ्यावरच. माझ्याकडून बऱ्याच जणांना एवढंही मिळालेलं नाही." दादा मध्ये पडला नसता तर आत्या-भाच्याचं तिथेच जुंपलं असतं.

मी डबे उचलून बघितले. मागे बारीक हिरवा दिवा होता. "हे चालतात कशावर? भिंतीला वायर तर नाही."

"आत बॅटरी आहे. बारचा आवाज यांच्यापर्यंत हवेतूनच येतो. फक्त आठवड्यातून एकदा चार्ज करावे लागतात. मागच्या महिन्यात आलो होतो तेव्हा लाल दिवा लागला होता, म्हणून कामाच्या ताईंना सांगून गेलो की आठवणीनं चार्ज करा."

"आणि दादा, तुला आवाज कधीपासून येतात?"

"तेव्हापासूनच. हा तसं सांगून गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"चार्ज करायची वायर कुठे आहे?"

पिंट्यानं टीव्हीखालचे खण शोधले. नव्हती. खोलीतलं कपाट उघडलं. नव्हती. शेवटी काहीतरी आठवल्यासारखं करून त्यानं स्वतःची लॅपटॉपची बॅग उलटी केली, आणि वायरींच्या गुंतावळ्यातून एक आखूड काळी वायर हातात घेऊन आमच्याकडे ओशाळून बघायला लागला.

"ही इथे कशी? म्हणजे... तेव्हा आवरताना माझ्याबरोबर गेली असणार. महिनाभर माझ्याच बॅगेत आहे."

मी हातातल्या डब्याकडे बघितलं. हिरवा दिवा ठणठणीत लागला होता. घरात वायर नाही आणि महिनाभर कुणीतरी हे स्पीकर चार्ज करत होतं.

४

कामाच्या ताई दुपारच्या चहाच्या वेळी आल्या. सडपातळ, चटपटीत बाई. दादाची भाजी-पोळी, केर-लादी सगळं त्याच करतात, आणि वहिनींच्या आजारपणात तर त्यांनी घरच्यासारखं केलं होतं. त्यांच्यावर संशय घेताना मला बरं वाटत नव्हतं, पण घेतला.

"ताई, मागच्या स्पीकरना चार्जिंग तुम्हीच करता ना?"

"हो. न चुकता."

"कशावर? वायर तर नाही घरात."

ओट्यावरून फिरणारा त्यांचा हात थांबला. "मी... माझ्या घरी नेते."

"एवढे डबे? बसमधून?"

"हो."

"आणि परत आणता?"

"हो."

मी काहीही म्हटलं असतं तरी त्या हो म्हणाल्या असत्या. पिंट्या कसा भडकला होता! ताई नुसत्या मान डोलवत होत्या. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"आणखी किती घरी काम करता?"

"आहेत चार-दोन."

"याच बिल्डिंगमध्ये?"

आता मात्र ताईंनी फडकं आपटलं. "ते मी सांगणार नाही. एका घरचं दुसऱ्या घरी करणारी बाई मी नाही. दादांनाच विचारा, त्यांनीच बजावलंय मला!"

हे खरं होतं. अगदी शंभर टक्के खरं, कारण त्या चिडल्या होत्या.

मी हॉलमध्ये येऊन दादापुढे उभी राहिले. "काय बजावलंयस तिला?"

दादानं नाक मुरडलं. "खाली दातांचा डॉक्टर राहतो. गेल्या वर्षी, तुझी वहिनी आजारी पडायच्या आधी, आमच्या मोरीतून त्याच्या छताला ओल गेली. मी दुरुस्त करून देतोच म्हणत होतो, पण त्यानं चारचौघांत मला बेजबाबदार म्हटलं. मला! ज्यानं कोर्टात कधी स्वल्पविराम चुकवला नाही! तेव्हापासून बोलणं बंद. आधीची बाई दोन्हीकडे काम करायची आणि आग लावायची. तिला दोघांनीही काढलं. म्हणून या ताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं, खालचं नाव या घरात काढायचं नाही."

"म्हणजे त्या खालीही काम करतात."

"करत असतील. मी विचारत नाही. आणि त्याचा आगाऊपणा ऐकशील? सोसायटीच्या चेअरमनकडे माझ्याच तक्रारी करतो. म्हणे वर गर्दी जमवून आरडाओरडा करतात, शिट्ट्या मारतात. म्हणे घोडे पळवतात. घोडे! मी! या गुडघ्यांनी!"

पिंट्या म्हणाला, "चेअरमननी मलाही फोन केला होता. मला वाटलं, बाबा एकटे असताना कायकाय करत असतील कोण जाणे. म्हणून तर मी जास्त घाबरलो."

माझ्या डोक्यात काहीतरी सरकून जागेवर बसत होतं.

"दादा, तू टीव्हीवर काय बघतोस?"

"फुटबॉल. आणि ते जुने घोडेस्वारांचे सिनेमे. बघायचो, म्हणजे. हे आवाज सुरू झाल्यापासून टीव्हीसमोर बसायलाच नको वाटतं. गेला आठवडाभर लावलेलाच नाही."

"आणि चेअरमनकडे शेवटची तक्रार कधी आली?"

दादानं आठवून बघितलं. "गेला आठवडाभर... नाही आली."

मी चपला पायात सरकवल्या. "तुझा फोन हातात धरून इथेच बस. मी खाली जातेय."

"त्याच्याकडे?" दादा किंचाळला. "चिमे, माझी शपथ आहे तुला!"

मी शपथ ओलांडून जिना उतरले.

५

दार खुद्द डॉक्टरांनी उघडलं. उंच, ताठ, पांढऱ्याशुभ्र दातांचे. "क्लिनिक सकाळी असतं," ते म्हणाले. "कुठला दात दुखतोय?"

"दात नाही. कान. मी वरच्या साहेबांची बहीण."

दात दिसेनासे झाले. तरी माणूस सभ्य, आत घेतलं. आणि बसायला न देताच सुरू झाले. "बरं झालं आलात. जरा सांगा भावाला. संध्याकाळी टीव्ही बंद करून मी शांत वाचत बसलो की यांचा धुमाकूळ सुरू. हजार माणसं ओरडल्यासारखा आवाज! घोड्यांच्या टापा! गेला आठवडा जरा बरा गेला, चेअरमननी कान उपटले असणार."

मी त्यांचं ऐकत होते आणि हॉल बघत होते. समोर मोठा टीव्ही, त्यावर अर्धवट थांबवलेली मालिका, एका अंधाऱ्या रस्त्यावर पाऊस. टीव्हीखाली लांब काळा साउंडबार. सोफ्यामागच्या फळीवर झाडांच्या कुंड्या, आणि कुंड्यांच्या मधे चहाच्या डब्याएवढे दोन काळे स्पीकर.

"हे कुठून घेतलंत?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून. अर्ध्या बिल्डिंगनं हाच सेट घेतलाय. का?"

"आवडला का?"

"सुरुवातीला छान होता. हल्ली महिनाभर मागचे स्पीकर मुके झालेत. पुढून माणसं बोलतात ते येतं, मागून काही येत नाही. पूर्वी पाऊस लागला की वाटायचं आपण भिजतोय."

"शनिवार-रविवारी तुम्ही घरी नसता, नाही का?"

"मुलीकडे जातो आम्ही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या भावाच्या वेडानं," मी म्हणाले आणि दादाला फोन लावला. फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. "दादा, आत्ता काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"डॉक्टर, तुमची मालिका जरा पुढे चालू करा."

त्यांनी भुवया वर करून रिमोट दाबला. पडद्यावर पाऊस कोसळायला लागला.

फोनमधून दादाचा आवाज आला. "पाऊस! चिमे, पाऊस सुरू झाला!"

"थांबवा, डॉक्टर."

"थांबला," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी रिमोटकडे बघितलं, मग फोनकडे, मग छताकडे. त्यांनी पुन्हा चालू केलं. "पडतोय," फोन म्हणाला. बंद केलं. "थांबला." मला वाटलं आता माझ्याशी काहीतरी बोलतील, पण त्यांनी टेबलावरचा फोनच उचलला. वर्षभर ज्या माणसाचं नाव घेतलं नव्हतं त्याला ते म्हणाले, "साहेब, मी खालचा बोलतोय. तुम्ही जरा तुमचा टीव्ही लावता का?"

दादा अवघडून म्हणाला, "काय लावू?"

"ते तुमचे घोडे लावा."

वायरी पुन्हा जोडल्याचा खुडबुड आवाज फोनमधून आला. आम्ही वाट बघत राहिलो. आणि मग डॉक्टरांच्या कुंड्यांमधून घोडे दौडत आले. पाच-पन्नास तरी असतील. मनीप्लँटची पानं थरथरत होती.

डॉक्टर सोफ्यावर मटकन बसले. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "चेअरमन म्हणाले, वर साहेब एकटेच असतात, घोडे कुठले! म्हणून मी कान तपासून आलो, माहितीय? बायकोला न सांगता. कानाच्या डॉक्टरांना कान ठीक वाटले, तेव्हा मला वाटलं मग डोकंच. तसं असताना माणसांच्या तोंडात ड्रिल कसं घालायचं? पुढच्या महिन्यात क्लिनिक बंद करणार होतो मी."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आधी चष्मा पुसला, मग डोळे.

६

थोड्या वेळानं आम्ही सगळे दादाच्या हॉलमध्ये जमलो. डॉक्टर आपल्या फळीवरचे दोन डबे छातीशी धरून आले होते. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, चेहरा उतरलेला.

"दादा सगळं खरं सांगतोय असं मी धरून चालले," मी सांगायला सुरुवात केली. "आवाज येतात, पण एकही शब्द येत नाही. घरात नुसतं वाजणारं, न बोलणारं असं काय असतं? हे मागचे स्पीकर. माणसांचं बोलणं पुढच्या बारमधून येतं. मागे पाठवतात फक्त आजूबाजूचं, पाऊस, पक्षी, पावलं, गर्दी."

"बरोबर," पिंट्या म्हणाला. "बोलणं मागून आलं तर विचित्र वाटेल."

"आणि हे डबे कुणाचं ऐकतात?"

"ज्या बारशी जोडलेत त्याचंच. त्यांची जोडी कारखान्यातच लावलेली असते."

"मग खोली कुठलीही असो. मध्ये एक मजला आला तरी त्यांना फरक पडत नाही. तू इथला बार बंद केलास तरी ते वाजतच राहिले, म्हणजे त्यांचा धनी हा बार नव्हताच. धनी सकाळी नसतो, शनिवार-रविवारी नसतो. सकाळी तो क्लिनिकमध्ये दात उपटत असतो, शनिवार-रविवारी मुलीकडे जातो. आणि दादानं टीव्ही लावणं सोडलं तशी खालची तक्रारही थांबली. म्हणजे यांचे डबे आपल्याकडे, आपले त्यांच्याकडे. राहिला एकच प्रश्न, अदलाबदल कशी झाली. ते ताई सांगतील. वायर बॅगेत घालून नेणारा हा माझा भाचा, त्यामुळे पहिली चूक आमच्याकडची आहे हे आधीच सांगते."

ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "पिंटूदादा म्हणाले चार्ज करा, आणि वायर सापडेना. खाली तसलीच वायर बघितली होती. म्हणून पिशवीत घालून डबे खाली नेले. डॉक्टरांचेही डबे तिथेच ओट्यावर चार्जिंगला होते. चारी एकसारखे काळे. येताना दोन उचलले. हिरवे दिवे लागलेले, मला काय माहीत त्यांचंही घराणं असतं! पुढच्या वेळपासून डबे कोण वाहणार म्हणून वायरच वर आणायला लागले. माझी दोन्ही घरची कामं गेली आता."

"ताई, एका शब्दानं सांगितलं असतंत तर?" दादा कळवळून म्हणाला. "मी महिनाभर..."

"कुणाला सांगू?" ताई रडता रडता कडाडल्या. "तुम्ही म्हणालात, खालचं नाव काढलंत तर उद्यापासून येऊ नका. यांच्याकडे बाई म्हणाल्या, वरचं नाव काढलंत तर उद्यापासून येऊ नका. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते खालची वायर वर आणते म्हणून?"

माझ्या सगळ्या कारकिर्दीत एवढा स्वच्छ जबाब मी ऐकला नव्हता. गुन्हेगार सापडले होते. दोघं होते, दोघांचे केस पांढरे होते आणि दोघंही जमिनीकडे बघत होते.

"ताई, तुम्ही कुठेही जायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "काय हो साहेब?"

"प्रश्नच नाही," दादा म्हणाला. "जायचंच असेल तर मी आणि हे जाऊ."

पिंट्यानं डबे बदलून लावले, डॉक्टर आपले दोन काखेत मारून निघाले. दारापर्यंत गेले आणि दादानं त्यांना हाक मारली. आवाज जरा बदललेला होता.

"डॉक्टर, एक विचारू? त्यात रोज कुणीतरी चालायचं. हळू, घरातल्या चपला घालून. ती कोण होती?"

"ती? ती नाही, तो. खुनी आहे तो त्या मालिकेतला. पहिल्या भागापासून नुसता मागे मागे चालतोय, अजून सापडत नाही."

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या पोटातून हसू वर आलं, आणि थांबेचना. "महिनाभर!" तो म्हणाला. "महिनाभर मी त्याला सांगतोय, बस गं जरा, किती करशील, दमलीस!"

डॉक्टर हसले, ताई डोळे पुसत हसल्या, मीही हसले. वहिनी तशाच चालायच्या हे मला तेव्हा आठवलं. मी घाबरून दादाकडे बघितलं. मला वाटलं, डोकं परत मिळालं पण बायको दुसऱ्यांदा गेली याची.

पण दादाचा चेहरा इतका मोकळा मी वर्षभरात बघितला नव्हता. "बरं झालं ती नव्हती ते," तो डोळे पुसत म्हणाला. "फार दमली होती गं शेवटी. तिला अजून घरभर चालायला लागतंय या विचारानं मला झोप लागत नव्हती. आता पडली असेल कुठेतरी निवांत."

ताईंनी पदर तोंडाला लावला आणि आत जाऊन चहा टाकला. डॉक्टर डब्यांसकट परत आत येऊन बसले.

पिंट्या दादाच्या खुर्चीपाशी आला आणि एवढा मोठा बँकेचा साहेब सरळ जमिनीवर बसला. त्यानं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

"मला वाटलं, तुम्ही हळूहळू जायला लागलात, बाबा."

"नाही रे," दादा म्हणाला आणि त्याच्या टकलावरून हात फिरवत राहिला. "इथेच आहे मी."